कर्ण्याचा वक्र आणि त्याचे मॉडेल : हॉर्न लाउडस्पीकरचे गणित पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी

प्रचाराच्या रिक्षावरचा भोंगा सगळ्यांना ठाऊक असतो. जुनी माणसे त्याला कर्णा म्हणत, आणि या लेखात मीही तोच शब्द वापरणार आहे. घरच्या संगीतासाठी असा कर्णा स्वतः बनवावा, असे मनात आल्यावर पहिले काही महिने मी निव्वळ वक्र, म्हणजे गळ्यापासून तोंडापर्यंत भिंत कशी फुलत जाते त्याच्या रेषा, रेखाटण्यात घालवले. कोणता वक्र सर्वांत चांगला, हाच माझा प्रश्न होता आणि तो प्रश्नच चुकीचा होता. प्रत्येक वक्र काही गृहीतकांवर उभा असतो, आणि ती गृहीतके जिथे संपतात तिथे आपले सॉफ्टवेअर बिनदिक्कत खोटे बोलू लागते. म्हणून वक्र निवडताना त्याच्यासोबत मॉडेलही निवडावे लागते. ते कसे निवडावे, हे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून खाली मांडले आहे.

आधी हे जमवा

- ड्रायव्हरचे (पडदा हलवून आवाज काढणाऱ्या भागाचे) माहितीपत्रक आणि प्रत्यक्ष ड्रायव्हर, दोन्ही. नुसत्या माहितीपत्रकावर भागत नाही.
- व्हर्नियर कॅलिपर.
- हॉर्नरिस्प हा मोफत प्रोग्राम. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅकबीन यांनी तो लिहिला असून तो विंडोजवर चालतो.
- बाउंडरी एलिमेंट पद्धतीने गणित सोडवणारे एखादे सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ आकाबाक, आणि कर्ण्याच्या पृष्ठभागाची त्रिकोणांची जाळी विणण्यासाठी जीमेश. यांची गरज पाचव्या पायरीला लागते, तोवर ती उघडू नयेत.
- कॅलिब्रेशनची फाइल सोबत मिळणारा मोजमापाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्डसारखा मोजणीचा प्रोग्राम.
- एक वही. प्रत्येक वेळी कोणता आकडा बदलला हे लिहून ठेवले नाही, तर आठवड्याभरात स्वतःचेच आलेख ओळखू येत नाहीत.

१. कर्ण्याकडून काय हवे ते एका वाक्यात लिहा

कर्णा दोन कामे करतो. पहिले काम भार देण्याचे. ड्रायव्हरचा लहानसा पडदा मोकळ्या हवेत हलला, तर हवा बाजूला सरकते आणि त्याची बरीचशी मेहनत वाया जाते. कर्ण्याच्या अरुंद गळ्यात मात्र हवेला सरकायला जागा नसते, त्यामुळे पडद्याला पुरेसा विरोध मिळतो आणि त्याची ऊर्जा आवाजात उतरते. दुसरे काम आवाजाला दिशा देण्याचे, म्हणजे तो किती अंशांत पसरावा हे ठरवण्याचे.

ही दोन कामे वक्राकडे परस्परविरुद्ध मागण्या करतात. भारासाठी गळा सावकाश फुलायला हवा, तर फैलाव सर्व स्वरांना सारखा राहण्यासाठी भिंती लवकरात लवकर हव्या त्या कोनाला पोहोचायला हव्यात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲम्प्लिफायर मोजक्या वॅटचे होते, म्हणून तेव्हाच्या चित्रपटगृहांना भार महत्त्वाचा वाटला आणि घातांकी, म्हणजे समान अंतरावर समान पटीने फुलणाऱ्या, कर्ण्याचे राज्य आले. पुढे वॅट स्वस्त झाले आणि डॉन कील यांनी १९७५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात घातांकी वक्राला एवढे पवित्र का मानायचे, असा सवालच केला. तुमच्या वाक्यात ‘भार’ हा शब्द आधी येतो की ‘फैलाव’, यावर पुढच्या सगळ्या पायऱ्या अवलंबून आहेत.

२. गळा स्वतः मोजा

माहितीपत्रकावर ‘१ इंच’ लिहिलेले असते. तो ड्रायव्हरचा बाहेर पडण्याचा व्यास आहे, खरा गळा नव्हे. कम्प्रेशन ड्रायव्हरच्या (कर्ण्याला जोडायच्या खास ड्रायव्हरच्या) आत, पडद्यासमोर, फेज प्लग नावाचा खाचांचा ठोकळा असतो, आणि त्याच्यापासून बाहेरच्या तोंडापर्यंतचा काही सेंटिमीटरचा मार्ग आधीच फुलत आलेला असतो. कर्णा खऱ्या अर्थाने तिथेच सुरू होतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी व्यास नीट जुळवला आणि कोन विसरलो. ड्रायव्हरची आतली भिंत एका उताराने बाहेर येत होती, माझ्या कर्ण्याची भिंत वेगळ्या उताराने सुरू होत होती, आणि सांध्यावर बोट फिरवले की नखाला कड लागत होती. एवढीशी कड मध्यम स्वरांना जाणवत नाही. वरच्या स्वरांत मात्र तरंगलांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास येते आणि तिथे ही कड परावर्तन करते.

म्हणून व्यास, बाहेर पडण्याचा कोन आणि आतल्या मार्गाची लांबी, ही तिन्ही वहीत लिहा. कोन माहितीपत्रकात नसेल, तर कॅलिपरने दोन खोलींवरचे व्यास मोजून तो काढता येतो.

३. एकच कर्णा चार वक्रांत मांडून पाहा

ही पायरी कागदावर, कॅल्क्युलेटर घेऊनच करावी. आपले उदाहरण असे : गळा २५.४ मिमी, म्हणजे ५.०७ चौ. सेंमी, आणि खालची मर्यादा, म्हणजे जिच्याखाली कर्णा भार देत नाही ती वारंवारता, ४०० हर्ट्झ. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरू.

आधी तोंड. मोकळ्या हवेत टांगलेल्या कर्ण्यासाठी जुना नियम असा, की तोंडाचा परीघ मर्यादेच्या तरंगलांबीएवढा असावा. ४०० हर्ट्झची तरंगलांबी ८६ सेंमी आहे, म्हणून तोंडाचा व्यास २७.४ सेंमी आणि क्षेत्रफळ सुमारे ५८९ चौ. सेंमी होते. कर्णा भिंतीत बसवला तर यातले निम्मे क्षेत्रफळ पुरते, आणि खोलीच्या कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवला तर आठवा हिस्सा. पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात ठेवायचा प्रसिद्ध कर्णा याच हिशेबावर उभा आहे, तिथे खोलीच्या भिंतीच कर्ण्याचा उरलेला भाग होतात.

आता वक्र.

*घातांकी वक्र.* यात समान अंतरावर क्षेत्रफळ समान पटीने वाढते. वाढीचा दर काढण्यासाठी पायची चौपट घेऊन तिला मर्यादेच्या वारंवारतेने गुणायचे आणि ध्वनीच्या वेगाने भागायचे. आपल्या उदाहरणात तो मीटरमागे १४.६ येतो. ५.०७ पासून ५८९ पर्यंत जायला लांबी लागते ३२.५ सेंमी. गळ्याशी भिंतीचा अक्षाशी कोन जेमतेम ५.३ अंश असतो आणि तोंडाशी बरोबर ४५ अंश. हे ४५ अंश योगायोगाने आलेले नाहीत, परीघाचा वरचा नियम पाळला की प्रत्येक घातांकी कर्णा तोंडाशी ४५ अंशांवरच संपतो. आकडे चुकले की नाही हे तपासायला याचा चांगला उपयोग होतो. निम्म्या लांबीवर या कर्ण्याचा व्यास अवघा ८.३ सेंमी असतो, म्हणजे वरच्या स्वरांच्या दृष्टीने हा एक लांबट बोगदा आहे. ते स्वर त्यातून झोतासारखे बाहेर पडतात.

*ट्रॅक्ट्रिक्स.* हा वक्र पॉल व्हॉइट यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये लाउडस्पीकरसाठी वापरात आणला. लाट सपाट न राहता ठरावीक त्रिज्येच्या गोलाच्या टोपीसारखी पुढे सरकते, असे तो गृहीत धरतो. त्याच गळ्यातून त्याच तोंडापर्यंत जायला त्याला २८.४ सेंमी लागतात, आणि तोंडाशी त्याची भिंत अक्षाला काटकोनात येऊन मिळते. तोंडाची कड अशी उलगडल्यामुळे परावर्तन कमी होते.

*शंकू.* घातांकी कर्ण्याएवढीच लांबी आणि तेच तोंड घेतले, तर शंकूच्या भिंतीचा कोन सुमारे २१ अंश येतो. फैलावाच्या दृष्टीने तो सरळमार्गी, पण भाराच्या बाबतीत दुबळा. अनंत लांबीचा घातांकी कर्णा ८०० हर्ट्झला गळ्याशी पूर्ण विरोधाच्या ८७ टक्के विरोध देतो, तर आपला शंकू तिथे १९ टक्क्यांवर असतो. १,६०० हर्ट्झला घातांकी ९७ टक्क्यांवर पोहोचतो आणि शंकू ४९ टक्क्यांवर. वक्राचा आकार ड्रायव्हरला कसा जाणवतो, हे याहून सोपे करून मला सांगता येणार नाही.

*ओब्लेट स्फेरॉइडल वेव्हगाइड.* अर्ल गेडिस यांनी १९८९ साली मांडलेला हा आकार गळ्याशी अक्षाला समांतर सुरू होतो आणि हळुवार वळून शंकूला मिळतो. एकूण ९० अंशांचा फैलाव हवा असेल, तर आपले २७.४ सेंमीचे तोंड केवळ १३.६ सेंमी खोलीवर गाठले जाते, म्हणजे घातांकी कर्ण्याच्या निम्म्याहूनही कमी खोलीवर. भार कमी मिळतो, ती त्याची किंमत.

घातांकी वक्राच्या आजूबाजूला आणखी एक अख्खे कुटुंब आहे. सॅल्मन यांनी ते १९४६ साली एका सूत्रात बांधले. त्यातला एक आकडा शून्य केला की कॅटेनॉइड (लटकत्या साखळीच्या आकाराचा वक्र) मिळतो, १ केला की घातांकी, आणि वाढवत नेला की शंकू. हा आकडा ०.६ च्या आसपास ठेवला, तर मर्यादेच्या लगत भार घातांकीपेक्षा लवकर मिळतो. नवख्याने एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

४. एकमितीय मॉडेल चालवा

आता हॉर्नरिस्प उघडा. त्याच्या मुळाशी वेबस्टर यांचे १९१९ साली प्रसिद्ध झालेले समीकरण आहे. ते कर्ण्याला एका अक्षावर सरळ करून टाकते आणि प्रत्येक ठिकाणी फक्त ‘इथे क्षेत्रफळ किती’ एवढेच विचारते. भिंत कशी वळली आहे, तोंड गोल आहे की चौकोनी, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे ते क्षणात उत्तर देते.

गळा एस१ मध्ये, तोंड एस२ मध्ये, लांबी पुढच्या रकान्यात. क्षेत्रफळ चौ. सेंमीमध्ये भरायचे आहे, व्यास नव्हे. ही चूक हास्यास्पद वाटते, पण होते. त्याखेरीज तीन ठिकाणी माणूस हमखास अडखळतो.

पहिले ठिकाण कोनाच्या रकान्याचे. कर्णा मोकळ्या हवेत आहे, भिंतीत आहे की कोपऱ्यात, हे तिथे पायच्या पटीत सांगायचे असते : मोकळ्या हवेला ४, भिंतीला २, कोपऱ्याला ०.५. मी टांगलेल्या कर्ण्यासाठी भिंतीचा पर्याय तसाच ठेवला होता आणि खालच्या स्वरांचा देखणा आलेख पाहून दोन दिवस खूश होतो. दुसरे ठिकाण पडद्याच्या वस्तुमानाचे. माहितीपत्रकात सहसा एमएमएस हा आकडा मिळतो, त्यात पडद्याला चिकटलेल्या हवेचेही वजन धरलेले असते. हॉर्नरिस्पला एमएमडी हवे असते, म्हणजे हवा वगळून. हवेचा भार ते स्वतः काढते, म्हणून एमएमएस भरल्यास हवा दोनदा मोजली जाते. मोठ्या शंकूच्या ड्रायव्हरवर बास कर्णा करताना हा फरक चांगलाच दिसतो. तिसरे ठिकाण गळ्यासमोरच्या पोकळीचे. पडदा आणि गळा यांच्यामध्ये जी हवा अडकते ती वरचे स्वर खाते, आणि तो रकाना शून्य ठेवला तर आलेख वरच्या टोकाला खोटा सरळ राहतो.

कम्प्रेशन ड्रायव्हरच्या बाबतीत हे सगळे आकडे माहितीपत्रकात क्वचितच मिळतात. अशा वेळी ड्रायव्हरचा इम्पिडन्स (वारंवारतेनुसार बदलणारा विरोध) मोजून मॉडेल त्या आलेखाशी जुळेपर्यंत आकडे सरकवावे लागतात. काम कंटाळवाणे आहे, पण अंदाजाचे आकडे भरून काढलेला आलेख पाहण्यात अर्थ नाही.

मॉडेल चालल्यावर आधी आवाजाच्या पातळीचा आलेख न पाहता गळ्याच्या इम्पिडन्सचा पाहा. मर्यादेच्या वर त्यात लाटा दिसतील. तोंडाशी पोहोचलेली ऊर्जा काही प्रमाणात मागे फिरते, त्या परावर्तनाच्या या खुणा आहेत. लाटा उंच असतील तर तोंड लहान पडते आहे. तोंडाचे क्षेत्रफळ एकदा निम्मे आणि एकदा दीडपट करून तिन्ही आलेख एकावर एक ठेवा, मग वक्रापेक्षा तोंडाचा आकार किती ठिकाणी जास्त बोलतो हे उमगेल.

एकमितीय मॉडेल कुठे सोडून द्यावे

वेबस्टरचे समीकरण गृहीत धरते, की एका छेदावर सगळीकडे दाब सारखा असतो. असे अगदी तंतोतंत घडते ते फक्त सरळ नळीत, शंकूत आणि दोन सपाट भिंतींमधल्या पाचरीत. बाकी प्रत्येक वक्रात ते जवळपास खरे असते, आणि हे ‘जवळपास’ वारंवारतेबरोबर ढासळत जाते.

आपला घातांकी कर्णा घ्या. तोंडाशी भिंत ४५ अंशांवर आहे आणि लाट भिंतीला काटकोनात भिडते, म्हणजे ती तिथे सपाट नसून फुगलेली असणार. त्या फुगलेल्या टोपीचे क्षेत्रफळ सपाट वर्तुळापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त भरते. आपण सपाट वर्तुळे धरून वक्र आखला, पण लाटेच्या दृष्टीने कर्णा त्या हिशेबाने फुलत नाही. जाँ-मिशेल ले क्लेआक यांनी लाटेची ही वक्रता धरूनच आपली आखणी केली, म्हणून त्यांचा कर्णा तोंडाशी मागे वळेपर्यंत उलगडतो.

फैलावाच्या बाबतीत सावधगिरी आणखी हवी. एकमितीय प्रोग्राम फैलावाचे आलेखही काढून देतात, पण तोंडाशी लाटेचा आकार अमुक असेल असे मानून ते काढलेले असतात. वरच्या स्वरांचा फैलाव मुळात गळ्याजवळच्या काही सेंटिमीटरमध्ये ठरतो आणि त्या भागाची भूमिती या मॉडेलच्या डोळ्यांना दिसतच नाही. घडी घातलेल्या बास कर्ण्यांतही तसेच. वळणाच्या रुंदीच्या मानाने तरंगलांबी मोठी असेपर्यंत कर्णा सरळ केलेला चालतो, त्यावर नाही.

फैलावाचा ढोबळ अंदाज हवा असल्यास कील यांचा नियम पुरतो : २५,४०० ला फैलावाच्या अंशांनी आणि तोंडाच्या मीटरमधल्या रुंदीने भागा. येणाऱ्या वारंवारतेच्या खाली फैलाव हाताबाहेर जातो. २७.४ सेंमीचे तोंड ९० अंशांचा फैलाव खाली साधारण १,००० हर्ट्झपर्यंत सांभाळते. त्याच तोंडाने ४२ अंशांचा शंकू केला तर पकड २,२०० हर्ट्झच्या आसपासच सुटते. अरुंद झोत खालपर्यंत हवा असेल तर तोंड मोठे करण्यावाचून इलाज नाही.

५. फैलाव हवा असेल तर जाळी विणा

बाउंडरी एलिमेंट पद्धतीत कर्ण्याच्या पृष्ठभागाचे लहान त्रिकोण करतात आणि प्रत्येक त्रिकोणावरचा दाब एकमेकांशी जोडून सोडवतात. इथे वक्राचा प्रत्येक बारकावा मोजला जातो, कड, सांधा आणि तोंडाची गोलाईसुद्धा. चौथ्या पायरीतल्या वक्राचे बिंदू फाइलमध्ये काढून घ्या आणि त्यांवरून आकार उभा करा.

त्रिकोणाची बाजू सर्वांत लहान तरंगलांबीच्या सहाव्या हिस्स्याहून मोठी नसावी. १६,००० हर्ट्झपर्यंत जायचे तर ती ३.६ मिमी येते. मात्र बाजू निम्मी केली की त्रिकोण चौपट होतात आणि सोडवायचे कोष्टक सोळापट, म्हणून उगाच बारीक विणू नये. गोल कर्णा चारही चतुर्थांशांत सारखा असतो, तेव्हा एकच चतुर्थांश विणून सममिती सांगावी.

माझी पहिली जाळी मिलिमीटरमध्ये होती आणि सॉफ्टवेअर मीटर समजत होते. मी पावणेतीनशे मीटर तोंडाच्या कर्ण्याचे गणित रात्रभर चालवले. तेव्हापासून पहिली धाव मी एकाच वारंवारतेवर घेतो आणि आकाराची लांबी पडद्यावर वाचून पाहतो. त्रिकोणांची बाहेरची बाजू उलटी नाही ना, हेही तेव्हाच तपासावे. आलेखात एखाद्याच वारंवारतेवर सुईसारखा काटा दिसला, तर तो कर्ण्याचा दोष समजून वक्र बदलायला धावू नका. बंद पृष्ठभागाच्या आतल्या पोकळीचे खोटे अनुनाद या पद्धतीत डोकावतात, आणि ते दाबण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते.

गळ्याशी सपाट चकती हलते आहे असे आपण मानतो. खरा पडदा वरच्या टोकाला तसा एकसंध हलत नाही, म्हणून तिथले आलेख दिशा समजण्यापुरते घ्यावेत. शिवाय ही सगळी मॉडेले रेषीय आहेत, म्हणजे आवाज कितीही वाढवला तरी हवा त्याच प्रमाणात वागते असे मानतात. मोठ्या आवाजात अरुंद गळ्यातली हवा स्वतःच विकृती निर्माण करते, आणि गळा जितका लांबवर अरुंद राहील तितकी ती वाढते. खालची मर्यादा उगाच खोल ठेवण्याचा हा दंड कोणत्याच आलेखात दिसणार नाही.

६. मोजा, आणि मॉडेलशी ताडून पाहा

दहा फुटी छताच्या खोलीत कर्णा आणि मायक्रोफोन दोन्ही दीड मीटर उंचीवर, एकमेकांपासून एक मीटरवर ठेवा. जमिनीवरून आणि छतावरून येणारा आवाज थेट आवाजानंतर सुमारे ६.३ मिलिसेकंदांनी पोहोचतो. तेवढाच तुकडा कापून घेतला, तर १६० हर्ट्झच्या वरचे मोजमाप खोलीपासून मुक्त राहते. आपल्या ४०० हर्ट्झच्या कर्ण्याला ते पुरेसे आहे, मात्र बाजूच्या भिंती आणि कपाटेही तितकीच दूर हवीत. कर्णा १० अंशांच्या टप्प्यांनी फिरवत ० ते ९० अंशांपर्यंत मोजा. फिरवण्याचा अक्ष तोंडाच्या पातळीत ठेवा आणि मॉडेलमध्येही तोच ठेवा, नाहीतर दोन्ही आलेख कधीच जुळणार नाहीत. शिट्टीसारखा चढत जाणारा चाचणीचा स्वर इमारतभर ऐकू जातो, तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवणे बरे.

आधी इम्पिडन्सची तुलना करा. ती कुठे फसली यावरून चूक शोधता येते. सगळी शिखरे एकाच प्रमाणात सरकली असतील तर लांबी किंवा हवेचे तापमान पाहा, कारण ३५ अंशांच्या दुपारी ध्वनीचा वेग ३५२ मीटरच्या आसपास जातो आणि ४०० ची मर्यादा सुमारे ४१० होते. शिखरे जागेवर असून उंची वेगळी असेल तर संशय तोंडावर किंवा सांध्यातल्या गळतीवर घ्यावा, आणि ड्रायव्हरच्या गॅस्केटभोवती पुट्टी दाबून पुन्हा एकदा मोजावे.